टेक्ससमध्ये हँडगनचा परवाना: क्लासच्या आधी, रेंजवर आणि घरी आल्यावर

पहिली पायरी घरातच आहे. कपाटातून पासपोर्ट काढा आणि आपण या देशात कुठल्या कागदावर राहतो आहोत ते बघा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ यांपैकी कुठलाही तात्पुरता (बिगर-स्थलांतरित) व्हिसा असेल, तर हा लेख माहिती म्हणून जरूर वाचा, पण शूटिंग रेंजवर जाऊ नका.

अगदी सुरुवातीला हे सांगायचं कारण म्हणजे आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. ऑफिसमधले सहकारी शुक्रवारी संध्याकाळी रेंजवर निघतात, "चल, मजा येईल" म्हणतात. काउंटरवर ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, एक फॉर्म भरला की हातात पिस्तूल येतं, म्हणून माणसाला वाटतं की हे कायदेशीरच असणार. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ बाळगता येत नाही, आणि रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही या 'बाळगण्यात' मोजलं जाऊ शकतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात रेहाइफ खटल्याचा निकाल लागला. संयुक्त अरब अमिरातीतून शिकायला आलेला हा विद्यार्थी. फ्लोरिडातल्या विद्यापीठाने त्याला काढून टाकलं, त्याचा विद्यार्थी व्हिसा संपला, तरी तो इथेच राहिला आणि एका शूटिंग रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवून बघितल्या. एवढ्यावरून खटला उभा राहिला आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने शेवटी म्हटलं, की आपल्याला बंदी आहे अशा वर्गात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. आपल्याला तर आपला व्हिसा तोंडपाठ असतो, त्यामुळे या बचावाचा आपल्याला काही उपयोग नाही.

शिकारीचा परवाना असलेल्यांसाठी कायद्यात एक अपवाद आहे आणि मित्रमंडळी तो हमखास सांगतात. त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. शस्त्राचा गुन्हा नावावर लागला तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ज्या ग्रीन कार्डसाठी आपली माणसं दहा-दहा वर्षं रांगेत उभी आहेत, त्याच्यापुढे शनिवारची दोन तासांची हौस काहीच नाही. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे आणि जे ईएडीवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, काम करतात, त्यांनीही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना मार्ग मोकळा आहे. वय २१ पूर्ण हवं (सैन्यातल्यांना १८ ला सवलत आहे) आणि बंदी घालणारा गुन्हा नावावर नको. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातली शिक्षासुद्धा केंद्रीय कायद्यात बंदूक कायमची बंद करू शकते. गांजाचंही तसंच. तो कोलोरॅडोत दुकानात उघड विकत मिळत असेल, पण केंद्र सरकारच्या लेखी गांजा घेणाऱ्याला बंदूक ठेवता येत नाही.

आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-२ वर असतात. "बाबा फौजेत होते, त्यांना एकदा रेंजवर नेऊ या" हे माझ्याही मनात आलं होतं. मोह आवरला, ते बरं झालं. बंदी असलेल्या माणसाच्या हाती बंदूक सोपवणं हा देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. ते घरी असतील तेव्हा सेफचा कोड त्यांना सांगायचा नाही. आई-वडिलांवर अविश्वास आहे म्हणून हे करायचं नसतं. त्यात त्यांचंच रक्षण आहे, आणि तसं त्यांना मोकळेपणाने सांगता येतं.

परवाना हवाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. टेक्ससमध्ये १९९५ साली जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा झाला आणि १९९६ पासून परवाने सुरू झाले. १ जानेवारी २०१६ पासून कमरेला होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघडपणे लावायलाही परवानगी मिळाली आणि त्या परवान्याला 'लायसन्स टू कॅरी', सगळे म्हणतात ते एलटीसी, हे नाव आलं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. म्हणजे आज एलटीसी ऐच्छिक आहे.

तरीही मी घ्या म्हणते. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्रीय बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला तिच्यातून सूट मिळते. आपल्या उपनगरांत कुठल्याही रस्त्याने पाच मिनिटं गाडी चालवली तरी शाळा लागतेच. दुसऱ्या अनेक राज्यांत टेक्ससचा परवाना चालतो. न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत चालत नाही, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे गाडीने निघताना पिस्तूल घरी ठेवूनच निघायचं. पण मला सगळ्यात मोलाचं कारण वेगळं वाटतं: कायदा काय म्हणतो ते कुणीतरी चार तास समोर बसवून समजावून सांगतं.

क्लासच्या आधी नेमबाजी शिका

नवख्या माणसाचा समज असतो की क्लासमध्ये पिस्तूल चालवायला शिकवतात. तसं नसतं. एलटीसीचा क्लास कायद्याचा आणि सुरक्षिततेचा असतो, आणि रेंजवर त्या दिवशी फक्त परीक्षा होते. ज्याने आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही, त्याने क्लासच्या निदान महिनाभर आधी एखाद्या इन्स्ट्रक्टरकडे दोन-तीन वैयक्तिक धडे घ्यावेत.

माझा पहिला दिवस मला अजून आठवतो. मी एकटीच गेले होते. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघून एक चिमुकलं, पर्समध्ये मावेल असं पिस्तूल पुढे केलं आणि "बायकांना हेच बरं पडतं" म्हणाला. मला काय ठाऊक! पहिल्या पाच गोळ्यांत तळहात झिणझिणला आणि सहाव्या वेळी मी डोळे मिटून चाप ओढला. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका त्याचा धक्का हाताला जास्त बसतो, हे मला पुढे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने सांगितलं. तिने मध्यम आकाराचं, जड, ९ मिलिमीटरचं पिस्तूल हातात दिलं आणि तेव्हा कुठे श्वास घेता आला. भाड्याने घेताना पूर्ण मुठीत बसणारं पिस्तूल मागा. हात फारच घाबरत असतील तर सुरुवात पॉइंट २२ ने, म्हणजे बारीक गोळीच्या, कमी धक्क्याच्या पिस्तुलाने करा. शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी पॉइंट २२ ची रायफल जमिनीवर पालथं पडून चालवलेली असते आणि त्यांना वाटतं की आपल्याला हे येतं. तो अनुभव शिस्तीसाठी कामाचा आहे. पण रायफलीला खांद्याचा आधार असतो. पिस्तूल दोन हातांत अधांतरी असतं, त्यामुळे मनगटाची चूक सरळ कागदावर उतरते.

धड्यात चार नियम इतक्या वेळा ऐकाल की झोपेतही म्हणता येतील. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि नेमाच्या मागे काय आहे ते ओळखूनच गोळी सोडायची. यातला दुसरा नियम नवखे सर्वांत जास्त मोडतात, आणि तेही गोळीबार करताना नाही, तर "हे अडकलं वाटतं, बघता का?" असं म्हणत इन्स्ट्रक्टरकडे वळताना. पिस्तूल अडकलं, शंका आली, काहीही झालं, तरी नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट बाहेर घ्यायचं आणि तोंडाने हाक मारायची. मान वळवा, हात वळवू नका.

पकडीत एक गोष्ट जपा. दोन्ही अंगठे पिस्तुलाच्या एकाच बाजूला, पुढच्या दिशेने, एकावर एक. दुसऱ्या हाताचा अंगठा मागून आडवा घेऊन धरायची सवय बऱ्याच जणांना आपोआप लागते. गोळी सुटली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, वेगाने मागे येतो आणि त्या अंगठ्याच्या सांध्यावर चामडी सोलून काढतो. माझ्याच क्लासमधल्या एका गृहस्थांनी उरलेली परीक्षा रुमाल बांधून दिली.

नेम चुकण्याचं कारण बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं. धक्का येणार हे मनाला ठाऊक असतं, म्हणून गोळी सुटायच्या क्षणभर आधी हात स्वतःच खाली दाबला जातो. उजव्या हाताने चालवणाऱ्याच्या गोळ्या मग खाली-डावीकडे गोळा होतात. यावर माझ्या इन्स्ट्रक्टरने सांगितलेला उपाय मी प्रत्येकाला सांगते. मॅगझीन, म्हणजे पिस्तुलात बसणारी गोळ्यांची डबी, दुसऱ्याला भरायला द्यायचं आणि त्याने खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन खोट्या, प्लास्टिकच्या गोळ्या मिसळायच्या. त्या कुठल्या क्रमांकावर आहेत ते आपल्याला माहीत नसतं. खोटी गोळी आली की नुसताच 'टक्' आवाज होतो, आणि पिस्तुलाची नळी कशी खाली झुकली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा विश्वासच बसेना. तीन शनिवार हा एकच सराव केला आणि माझ्या गोळ्यांचे घोळके टार्गेटच्या मधोमध आले.

त्या दिवशी काय घालायचं, काय न्यायचं

गळाबंद टी-शर्ट घाला. हे कुणी आधी सांगत नाही. पिस्तुलातून उडालेलं रिकामं काडतूस चटका बसण्याइतकं तापलेलं असतं आणि ते नेमकं मोठ्या गळ्यातून आत जातं. शेजारच्या लेनमधल्या एका मुलीच्या कुर्त्यात ते गेलं आणि ती भरलेलं पिस्तूल हातात घेऊनच नाचायला लागली. इन्स्ट्रक्टरने तिचं मनगट पकडून टार्गेटच्या दिशेला दाबून धरलं. भाजलेलं नंतर बघता येतं. आधी पिस्तूल समोरच्या टेबलावर, नळी टार्गेटकडे, आणि मग काय नाचायचं ते नाचा. पायांत बंद बूट हवेत. डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी घातली तर चष्म्याच्या मागेही काही शिरत नाही.

कानांसाठी फोमचे बोळे आणि त्यावर हेडफोनसारखे मफ, दोन्ही वापरा. बंद रेंजमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो. डोळ्यांना सुरक्षा चष्मा लागतो. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालायचा मिळतो.

परीक्षेला ५० गोळ्या लागतात, पण १०० न्या. एखादी फुटत नाही, एखादी हातातून पडते आणि आधी हात मोकळा करायला दहा-पंधरा लागतात. पितळी काडतुसाच्या साध्या सरावाच्या गोळ्या घ्या. पोलादी गाभ्याच्या गोळ्या बऱ्याच बंद रेंजवर चालत नाहीत. दोन मॅगझीन असतील तर ती आधीच भरून ठेवा, आणि ती भरायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र मिळतं तेही घ्या. पन्नास गोळ्या अंगठ्याने दाबून भरल्यावर त्याच अंगठ्याने पुढे नीट पकड घेता येत नाही. पिस्तूल रिकामं, पेटीत बंद करून न्यायचं आणि इन्स्ट्रक्टर सांगेपर्यंत पेटी उघडायची नाही.

क्लासरूममध्ये

क्लास ४ ते ६ तासांचा असतो. कायद्याचा भाग ऑनलाइनही करता येतो, पण मग रेंजचा भाग प्रत्यक्ष इन्स्ट्रक्टरसमोर वेगळा द्यावा लागतो. मी समोर बसून केला आणि नवख्यांना तेच सुचवते, कारण प्रश्न विचारता येतात. आमच्या क्लासमध्ये बाराजण होतो, त्यांत एक निवृत्त शिक्षिका, रात्रपाळीच्या दोन नर्स, एक ट्रकचालक, आणि आपल्याकडच्यांत मी आणि एक तेलुगू जोडपं.

विषय ठरलेले असतात: बळाचा वापर कधी कायदेशीर, भांडण न वाढवता कसं मिटवायचं, पिस्तुलाची सुरक्षित हाताळणी, होल्स्टर, आणि घरात मुलांपासून ते कसं सुरक्षित ठेवायचं. शेवटी २५ प्रश्नांची लेखी परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. लक्ष देऊन ऐकलं असेल तर अवघड नाही.

मन लावून ऐकायचा भाग बळाच्या वापराचा आहे. टेक्ससच्या दंडसंहितेचं नववं प्रकरण हे सगळं सांगतं. प्राणघातक बळ वापरायला ते त्या क्षणी, ताबडतोब गरजेचं होतं असं वाटणं आणि ते वाटणं समंजस माणसाला पटण्यासारखं असणं, दोन्ही लागतं. नुसत्या शब्दांची चिथावणी पुरत नाही. कुणी आई-बहिणीवरून बोललं, आपल्या देशाला परत जा म्हणून ओरडलं, तरी त्यावर बळ वापरता येत नाही. आमच्या इन्स्ट्रक्टरने पंधरा मिनिटं फक्त यावर घालवली. त्यांचं म्हणणं होतं की पिस्तूल कमरेला आल्यापासून रस्त्यावरच्या प्रत्येक भांडणात हार मानायची जबाबदारी आपली. कुणी हॉर्न मारून पुढे घुसलं तर घुसू द्यायचं, पार्किंगची जागा सोडायची, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलायला जाताना पिस्तूल घरात ठेवायचं. माझ्या वागण्यात खरोखर जो बदल झाला तो याच पंधरा मिनिटांनी. आयएच-१० महामार्गावर आता कुणी अंगावर गाडी घातली की मी उजवीकडची लेन धरते.

मग येतात पाट्या. दुकानाच्या दारावर ३०.०६ ची पाटी असेल तर परवानाधारकाने लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही, ३०.०७ असेल तर उघडं न्यायचं नाही. हे दंडसंहितेच्या कलमांचे आकडे आहेत. ठरलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत लागतो, त्यामुळे दार उघडण्याआधी काचेकडे बघायची सवय लावा. मोठ्या लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेली पाटी म्हणजे त्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई तिथे बसून प्यायच्या दारूवर आहे. तिथे परवाना असूनही पिस्तूल चालत नाही. देवळांचा नियम २०१९ मध्ये बदलला: प्रार्थनास्थळाने स्वतः मनाई केली नसेल तर परवानाधारकाला आत नेता येतं. तरी देवळाच्या विश्वस्तांना आधी विचारा, असं माझं मत आहे.

आपल्या माणसांनी जास्त जपायची जागा वेगळीच आहे. आपले गणपती, दिवाळी पहाट, नाटकांचे प्रयोग हे बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात. आपल्या डोक्यात तो मंडळाचा कार्यक्रम असतो. कायद्याच्या लेखी ती शाळेची इमारत आहे, आणि शाळेच्या इमारतीत परवानाधारकानेही पिस्तूल नेणं हा तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे, शिक्षा २ ते १० वर्षं. मोदकांचा डबा घेऊन घाईघाईत गाडीतून उतरताना कमरेला काय आहे ते विसरायला वेळ लागत नाही. अशा दिवशी पिस्तूल घरून निघतानाच सेफमध्ये ठेवायचं. मंडळाच्या स्वयंसेवकांनीही आमंत्रणात एक ओळ घालायला हरकत नाही.

पोलिसाने गाडी थांबवली आणि ओळखपत्र मागितलं, तर त्या वेळी पिस्तूल जवळ असल्यास ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही द्यायचं. हात स्टिअरिंगवर, रात्र असेल तर आतला दिवा लावलेला, आणि पिस्तूल कुठे आहे ते आधी तोंडाने सांगायचं. ते दाखवायला हात तिकडे न्यायचा नाही.

रेंजवरची परीक्षा

टार्गेटला बी-२७ म्हणतात: माणसाच्या धडाची काळी आकृती, साधारण दोन फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच. एवढी मोठी आकृती बघून धीर येतो. एकूण ५० गोळ्या, तीन अंतरांवरून. ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. आपल्या हिशोबात ते पावणेतीन, सहा-साडेसहा आणि पावणेचौदा मीटर होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते २५ मीटरवरून, हे लक्षात घेतलं की आपलं सगळ्यात लांबचं अंतर फार वाटत नाही.

आकृतीवर आकडे घातलेली, एकात एक कडी असतात. मधल्या कड्यांत, म्हणजे ८ आणि त्याच्या आत, लागलेल्या गोळीला ५ गुण. सातव्या कड्यात ४. त्याच्या बाहेर पण आकृतीवर लागली तर ३. एकूण २५०, उत्तीर्ण व्हायला १७५. होल्स्टरमधून पिस्तूल काढून दाखवावं लागत नाही. ते हातात, टार्गेटच्या दिशेने तयार धरलेलं असतं आणि हुकूम मिळाला की वर उचलायचं.

घाबरवतं ते घड्याळ. ३ यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या एकेक करून, प्रत्येकीला २ सेकंद. मग दोन-दोनच्या पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला ३ सेकंद. मग पाच गोळ्या सलग, १० सेकंदांत. ७ यार्डांवर आधी पाच गोळ्या १० सेकंदांत, नंतर ४ सेकंदांत दोन आणि ६ सेकंदांत तीन, पुढे पाच वेळा एकेक ३ सेकंदांत, आणि शेवटी पाच १५ सेकंदांत. १५ यार्डांवर ६ सेकंदांत दोन, ९ सेकंदांत तीन आणि शेवटच्या पाच १५ सेकंदांत. वाचताना गोंधळ वाटतो, पण इन्स्ट्रक्टर प्रत्येक फेरीआधी मोठ्याने सांगतो. पाठ करायची गरज नाही.

२ सेकंद हा आकडा ऐकून नवखे चाप हिसकतात. घरी रिकाम्या, दोनदा तपासलेल्या पिस्तुलावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजत पिस्तूल उचलून चाप ओढून बघा. दुसरा आकडा संपायच्या आत निवांत होतं. वेळ पुरतो. ३ आणि ७ यार्डांवर गुण साठवून ठेवा, कारण तिथल्या ४० गोळ्या मध्यभागी गेल्या तर २०० गुण होतात आणि उत्तीर्ण तुम्ही तिथेच झालेले असता. १५ यार्डांवर घाम फुटतो. तिथे टार्गेटकडे बघायचा मोह सोडा, नजर पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाशी असलेल्या नेमाच्या खुणेवर, ठेवा. ती स्पष्ट आणि टार्गेट थोडं धूसर दिसलं म्हणजे बरोबर. मला २३८ गुण मिळाले आणि गेलेले बाराच्या बारा गुण १५ यार्डांवरचे होते.

"सीझफायर", म्हणजे गोळीबार थांबवा, हे कानावर पडलं की बोट त्याच क्षणी चापावरून काढायचं, मग फेरीत दोन गोळ्या उरल्या असल्या तरी. सगळ्यांची पिस्तुलं रिकामी, स्लाइड मागे अडकवलेली आणि टेबलावर आहेत हे इन्स्ट्रक्टरने बघेपर्यंत रेषेपुढे कुणी जायचं नाही आणि पिस्तुलाला कुणी हात लावायचा नाही. आमच्या क्लासमधली ती निवृत्त शिक्षिका पहिल्या खेपेला थोडक्यात अनुत्तीर्ण झाली. इन्स्ट्रक्टरने तिला कोपऱ्यात नेऊन पकड दुरुस्त करून दिली, अर्ध्या तासाने पुन्हा परीक्षा घेतली आणि ती उत्तीर्ण झाली. पुन्हा परीक्षा देता येते, ते मनात ठेवून उभे राहा.

पण हेही मनापासून सांगते: १७५ गुण हा अगदी खालचा उंबरठा आहे. स्थिर कागदापुढे, उजेडात, हुकूम मिळाल्यावर गोळी मारता आली एवढंच त्यातून कळतं. महिन्यातून एकदा रेंजवर जायला जमणार नसेल तर पिस्तूल रोज कमरेला लावायचा विचार करू नका.

अर्ज

इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्र देतो. अर्ज टेक्ससच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे, म्हणजे डीपीएसकडे, ऑनलाइन भरायचा. फी ४० डॉलर. बोटांचे ठसे ठरलेल्या केंद्रावर वेळ घेऊन द्यायचे. जुने पत्ते लिहून काढून जवळ ठेवा, कारण आपण भाड्याची घरं सारखी बदललेली असतो. ग्रीन कार्डवरचं, ड्रायव्हिंग लायसन्सवरचं आणि अर्जावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, यात आपल्याकडचे अर्ज अडकतात. पहिला परवाना ४ वर्षांचा, नूतनीकरण ५ वर्षांचं.

घरी आल्यावर

रेंजवरून आलात की बूट दाराबाहेर, ही आपली सवय इथे फार कामाची. गोळ्यांच्या धुरात शिसं असतं आणि ते कपड्यांवर, केसांवर, बुटांच्या तळव्यांवर बसून घरात येतं. गार पाणी आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, कपडे वेगळे टाका, आणि मगच लहान मुलाला उचला. रेंजवर काही खाऊ नका.

१७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ती ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. गोळी नळीत नसली, नुसत्या मॅगझीनमध्ये असली, तरी ती भरलेलीच धरतात. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली, या जागा मुलांना आपल्याआधी सापडतात. पलंगाला किंवा भिंतीला बोल्टने पक्की केलेली, बोटांनी कोड दाबून उघडणारी छोटी सेफ घ्या. पिस्तूल विकत घेण्याआधी ती घ्या. कोड मुलांचा वाढदिवस नको. मुलांना सेफमध्ये काय आहे ते सांगा आणि मित्राच्या घरी बंदूक दिसली तर हात न लावता बाहेर येऊन मोठ्यांना सांगायचं, हे शिकवा. आपल्या घरी बंदूक नसली तरी हे शिकवायला हवं, कारण शेजारी असते.

रेंजची बॅग फक्त रेंजचीच ठेवा. ती पाठीला लावून ऑफिसला, विमानतळावर, भारतात जायचं नाही. ९ मिलिमीटरची एक गोळी बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी असते आणि बॅगेच्या आतल्या शिवणीत सहज जाऊन बसते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय नुसती गोळीही जवळ ठेवता येत नाही. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत ती दिसली की गुन्हा दाखल होतो, आणि ती चुकून राहिली होती हे पटवण्यात अख्खी सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. मी सामान भरण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग उलटी करून झटकते, सगळ्या खिशांत हात घालते, आणि ड्रायरमधून निघालेल्या जीन्सचे खिसेही बघते. मागच्या डिसेंबरमध्ये एका जॅकेटच्या अस्तरात एक रिकामं काडतूस सापडलं.